दोनशे चौदा कर्सर आणि एक थर्मास

मनुष्यजातीची प्रगती म्हणजे एकच चूक कमीत कमी वेळात जास्तीत जास्त ठिकाणी करता येण्याचा इतिहास होय. पूर्वी दोनशे चौदा ठिकाणी चुकायचं तर माणसाला दोनशे चौदा वेळा चुकावं लागे, आणि साधारण साठाव्या चुकीला बोटं दुखून तो घरी जाई. ही गैरसोय आता दूर झाली आहे.

उरुग्वेतल्या पासो सेरेनो नगरपालिकेच्या संगणक विभागाने या कामी घेतलेला पुढाकार खरोखर कौतुकास्पद आहे. विभागप्रमुख इंजिनिअर ओल्गा बेरुत्ती यांनी मार्चच्या पहिल्या सोमवारी परिपत्रक काढलं, की यापुढे कोणीही एकाच कर्सरने टंकन करणार नाही. पडद्यावर किमान तीन कर्सर एकाच वेळी लुकलुकले पाहिजेत, म्हणजे एकदा टंकलेलं तीन ठिकाणी उमटेल. (कमाल मर्यादा ठरवायला समिती नेमली आहे. समितीत सदस्य एकच आहे, पण त्याचं नाव तीन ठिकाणी आहे.) पंधरा दिवसांनी परीक्षा. जो नापास होईल त्याची बदली स्मशान नोंदणी कक्षात.

विभागात बाईंखेरीज दोनच माणसं. पहिली नाहिर तेचेरा, जुळ्यांची आई, म्हणजे एकदम दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याची सवय असलेली. दुसरे वाल्डेमार एचेगोयेन, वय एकोणसाठ. वाल्डेमार एका बोटाने टंकन करत, कारण दुसरा हात रिकामा नसे. डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास असे. एकोणीस वर्षं या कचेरीतला माते, म्हणजे तिकडचं पाल्याचं पेय, तेच ओतत आले होते. तो कडू पाला भोपळ्याच्या वाटीत भरायचा, वर पाणी सोडायचं, नळीने ओढायचा आणि वाटी पुढच्याकडे द्यायची. ओतणारा एकच असतो, आणि तो मान कोणी मागून मिळत नाही.

स्मशान कक्षात एकच कर्मचारी होता आणि तो चहा पीत असे. तोही दूध घालून. वाल्डेमारला बदली नको होती ती याच कारणाने. ओतायचं कोणासाठी?

"म्हाताऱ्या, थर्मास खाली ठेव," नाहिर शिकवता शिकवता म्हणाली. "तीन कळा एकदम दाबल्या की तो शब्द फाईलभर जिथे जिथे असेल तिथे पकडला जातो. एका हाताने काय गिटार वाजवणार आहेस?"

"पोरी, हा मी माझ्या लग्नातसुद्धा खाली ठेवला नव्हता. फोटो बघ."

(फोटो पाहिला. वधू उजवीकडे आहे.)

शेवटी वाल्डेमारनेच तोड काढली. काखेतला थर्मास जरा तिरका करायचा, त्याच्या बुडाने कोपऱ्यातली कळ दाबून धरायची, आणि उरलेल्या दोन करंगळी-अंगठ्याने.

"अगं बाई! जमलं की!" नाहिर ओरडली. "पण पाणी सांडू नकोस रे, कीबोर्ड सरकारी आहे."

परीक्षा खऱ्या फाईलवर झाली, कारण बाईंच्या मते खोट्या फाईलवर खरी भीती वाटत नाही. गावातल्या दोनशे चौदा बसथांब्यांवर दिव्यांचे फलक आहेत, आणि या फाईलमध्ये लिहावं ते तिथे उमटतं. गेली चार वर्षं प्रत्येक फलकावर 'वेळ ठरायची आहे' असं होतं. त्याजागी 'वेळापत्रकाप्रमाणे' असं करायचं. (वेळापत्रक डेपोत टांगलेलं आहे. डेपो आठ किलोमीटरवर आहे. तिथे बसने जाता येतं.)

वाल्डेमारने थर्मास कलता केला. दोनशे चौदा कर्सर एकदम लुकलुकले. बाईंनी मान डोलावली. आणि त्याच क्षणी वाल्डेमारची नजर पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर गेली. थांबा, जुनी गिरणी.

आता जुन्या गिरणीची बस वेळापत्रकाप्रमाणे येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाऊस पडला की ड्रायव्हर मिल्टन सासूकडे तळलेल्या पुऱ्या खायला थांबतो. सरळ माणसाने तिथे खोटं कसं लिहावं? अशा संशयाच्या जागी वाल्डेमार एकोणीस वर्षं जे लिहीत आले तेच त्यांनी लिहिलं, त्यांच्या समजुतीने त्या एका थांब्यापुरतं. खाली कीबोर्डकडे बघत, एका बोटाने: 'वाल्डेमारला विचारा'. आणि सवयीने लगेच जतन केलं.

मग माते ओतायची वेळ झाली होती, त्यामुळे पडद्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कचेरीपुढे रांग.

"तूच का वाल्डेमार?" पहिल्या बाईने विचारलं. तिच्या कडेवर कोंबडी होती.

"मीच."

"जुन्या गिरणीची बस कधी?"

वाल्डेमारने खिडकीतून आभाळ पाहिलं. "तिकडे पाऊस?"

"भुरभुर आहे."

"मग मिल्टन सासूकडे. पावणेदहा धर. उभी का? बस, माते घे."

पहिल्या दिवशी एकशे त्रेसष्ट जण आले. एकशे बासष्ट उत्तरं बरोबर निघाली. (उरलेल्याने लग्न करू का विचारलं होतं. निकाल यायचा आहे.)

ओल्गाबाई संतापल्या. त्यांनी बदलीचा हुकूम टंकला आणि तीन कळा दाबून एका फटक्यात सगळ्या फलकांवर 'वेळापत्रकाप्रमाणे' केलं. दुपारपर्यंत शहाण्णव तक्रारी आल्या. पंच्याण्णवांचं म्हणणं एकच: वाल्डेमारला परत लावा. शहाण्णवावी मिल्टनच्या सासूची होती. आता सगळी बसच पुऱ्या खायला उतरते, तरी नगरपालिकेने पीठ पाठवावं.

बाई विचारी होत्या. एक कर्मचारी, एक प्रयत्न, दोनशे चौदा ठिकाणी परिणाम. हेच तर परिपत्रकात होतं. वाल्डेमार पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. बदली रद्द. फलक पूर्ववत. त्यांना अभिनंदनाचं पत्र मिळालं: 'आपल्यासारखा दुसरा कर्मचारी या नगरपालिकेत नाही.' त्यांनी ते चौकटीत लावलं. मग नाहिरच्या टेबलावर तेच पत्र दिसलं.

"तुलाही?"

"तीनशे बारा जणांना, म्हाताऱ्या. स्मशानातल्या त्या चहावाल्यालासुद्धा. बाईंनी सगळी नावं एकदम पकडली."

"छान लिहितात हं बाई," वाल्डेमार म्हणाले, आणि रांगेतल्या पुढच्या माणसासाठी वाटी भरायला लागले. एका वेळी एक.

वाचक इथे हसला असेल तर चांगलंच आहे. हसून झाल्यावर त्याने मोबाईल काढावा, आणि गेल्या नववर्षाला पाठवलेला 'खास तुझ्यासाठी' हा संदेश किती जणांना गेला ते मोजावं. आकडा दोनशे चौदाच्या वर गेला, तर पासो सेरेनोला एक जागा रिकामी आहे. स्मशान नोंदणी कक्षात. चहा मिळेल.