थोडं खा, हळू चाला, एकटे झोपा

हे मी लिहिणार नव्हतो. माझी शाळा दोन इयत्तांची, त्यातली दुसरी अर्धीच, कारण मेंढरांमागं जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पण नेरिदा, माझी एकुलती एक पोर, म्हणते की बाबा, काय घडलं ते खरं खरं लिहून द्या, काही गाळू नका, मग पुढच्या वर्षी तुम्हाला डोंगरावर सोडायचं की नाही ते बघते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला पोटची पोर शिक्षा म्हणून निबंध लिहायला लावते. ती लावते आणि मी लिहितो, यातच आमच्या घरातला माझा वट काय तो समजा.

सगळं सुरू झालं एका कागदावरून. नेरिदानं आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या परदेशी प्रवाशांना द्यायला काढल्या. आता दारात दिवसभर कोण बसलेलं असतं? मी. (ते माझं कामच आहे. ऊन कुठून कुठं सरकतं यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.) त्यामुळं येईल तो पाहुणा मलाच विचारायचा, आणि सगळे तेच ते विचारायचे. शेवटी मी वैतागून पोरीला म्हणालो, मी सांगतो, तू लिही, आणि एकदाचं भिंतीला चिकटवून टाक. एवढाच काय तो माझा निर्णय.

कागदाची पहिली ओळ होती, "थोडं खा, हळू चाला, एकटे झोपा." ही काही माझी अक्कल नव्हे, आमच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इथं हवा पातळ. कुणाला गाडी लागते तसा समुद्राकाठच्या माणसाला इथं डोंगर लागतो. डोकं ठणकतं, पोट उलटं होतं, पायातला जीव जातो. (त्या 'एकटे झोपा'वरून एका नव्या जोडप्याचं वाजलं. नवरा सरळमार्गी होता, गादी काखोटीला मारून मक्याच्या कोठीत झोपायला गेला. बायको जाताना माझा निरोप न घेताच गेली.) पुढं मी लिहवून घेतलं की आमच्याकडचा माणूस "हे काय, इथंच तर आहे" म्हणाला की पाणी, पाव आणि टोपी घेऊन निघावं. रस्ता तिघांना विचारावा आणि दोघं सांगतील तिकडं जावं, कारण माहीत नाही म्हणणं आम्हाला वाईट दिसतं. आणि कुणी ताट पुढं केलं तर नको म्हणू नये, पोटात मावेल तेवढं खावं, उरलेलं फडक्यात बांधून न्यावं. बांधून नेलं म्हणजे रांधणारी खूश होते.

नेरिदाचं लिहून झालं तेव्हा मी म्हणालो, खाली अजून एक ओळ टाक. "या सूचना बाहेरच्यांसाठी आहेत." ती म्हणाली, कशाला? मी म्हणालो, टाक.

जुलैत सुल्माबाई आल्या. सुल्मा बेंतांकोर, उरुग्वेच्या, वय अडुसष्ट, पस्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या. त्यांच्या देशातला सगळ्यात उंच डोंगर आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याच्याही कितीतरी खाली येतो. बाईंनी पिशवी ठेवली, चष्मा लावला आणि तो कागद वाचला. मग वही काढून सगळा उतरवून घेतला, शेवटच्या ओळीसकट. त्याआधी साठेक पाहुण्यांनी तो कागद वाचला होता, पण पाळला एकानंही नव्हता. ही बाई पाळायला लागली. अर्धी वाटी कालवण, डोंगर लागू नये म्हणून आम्ही पितो तो कोकाच्या पानांचा चहा, आणि चाल अशी की अंगण ओलांडेपर्यंत माझ्या म्हातारीची, मेल्चोराची, पूर्ण जपमाळ व्हायची. मेल्चोरा म्हणाली, ही बाई चालते की उगवते?

आता माझ्या नवसाचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. त्रेचाळीस वर्षांमागं नेरिदा जन्मली आणि आठव्या दिवशी दूध सोडून निळी पडली. मी अंगणात उभा राहून वायतापयानाच्या, आमच्या डोंगरदेवाच्या, बर्फाकडं पाहिलं आणि म्हणालो, हिला ठेव. मी जिवंत आहे तोवर दर जुलैत तुझ्या पायाशी, तळ्यावर येईन. स्वतःच्या पायांनी येईन, फुलं, फळं, मिठाई, दारू आणि कोकाची पानं घेऊन येईन. पोर जगली. (आणि तेव्हापासून बोलायची थांबली नाही.) मी एक वर्ष चुकवलं नाही.

पण मागच्या वर्षी मी खोकत आलो, म्हणून नेरिदानं यंदा अट घातली. चालत जा आणि चालत या. कुणाला आणावं लागलं तर ही डोंगरवारी इथंच संपली, डोंगराची माफी ती स्वतः मागेल. म्हणजे बघा, डोंगराला शब्द दिलाय मरेपर्यंतचा, आणि पोरगी म्हणते एकदा पाय घसरला की बास. सुल्माबाईंनीही येऊ का म्हणून विचारलं. नेरिदा लगेच हो म्हणाली. मला वाटलं मी बाईंना नेतोय. पोरीच्या मनात उलटं होतं हे मला नंतर कळलं.

सकाळी ट्रकनं आम्हाला वरच्या वस्तीवर सोडलं. पायवाट तिथूनच सुटते, आणि वाटेच्या तोंडाशीच फोर्तुनातो निनामांगोचं घर. फोर्तुनातो हा नेरिदाचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणजे माझा कोंपाद्रे. आमच्याकडं हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट. भाऊ नशिबानं येतो, कोंपाद्रे आपण निवडतो, त्यामुळं दोष द्यायलाही कुणी उरत नाही.

त्यानं आमच्यासाठी मेंढीच्या मटणाचं बटाटे घातलेलं कालवण केलं होतं. वर अख्खा तळलेला कूय. (चुलीमागं पाळतात तो, उंदराहून मोठा, सशाहून लहान. पाहुणे आधी हळहळतात, मग बोटं चाटतात.) मी घरून न्याहारी करून निघालो होतो. सुल्माबाईंनी चार घास खाल्ले, असं कालवण जन्मात खाल्लं नाही म्हणाल्या, आणि उरलेलं फडक्यात बांधायला लागल्या. फोर्तुनातोच्या बायकोनं हरखून त्यात दोन कूय आणखी घातले. मी मात्र ताट पुसून दिलं. पुरुषमाणसानं कोंपाद्रेच्या घरी गाठोडं बांधायचं म्हणजे काय. ताट रिकामं दिसताच त्यांनी ते पुन्हा भरलं.

मी जरा थांबलो. तेवढ्यात फोर्तुनातो हळूच म्हणाला, "राहू दे कोंपाद्रे. वय झालं आता. बाईंच्या फडक्यात घाल."

त्यानंतर मी ते दुसरं ताट खाल्लं. मग त्याच्या मेहुणीकडं तळलेला ट्राउट मासा खाल्ला, कारण तिच्या दारावरून न खाता गेलो असतो तर सहा महिने तिनं तोंड फिरवलं असतं. शेवटच्या घरी भाजलेला मका आणि चीज. बाईंचं गाठोडं फुगत गेलं आणि माझं पोट. तीन घरं, चार ताटं, आणि चढाला लागलो तेव्हा पँटचं वरचं बटण मी डोंगराच्या साक्षीनं उघडलं होतं.

वर मी झपाझप निघालो. दर वर्षी मी तळ्यापर्यंत तीन तासांत जातो आणि मागच्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं तरी कमी लागावी हे बघतो. सुल्माबाई मागं दहा पावलं टाकायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा दहा. मी वळून वळून बघत होतो आणि मनात हसत होतो. तिसऱ्या वळणावर हसणं बंद झालं. चौथ्यावर कालवण हललं. सहाव्यावर मी एका दगडावर बसलो, आणि दगडही हलायला लागला.

बाई लगेच आल्या, त्यांच्याच चालीनं. मी मुळात किती पुढं आलो होतो हे त्यावरून कळलं.

"सेन्योर तेओदोसिओ, तुम्हाला डोंगर लागलाय."

"मला डोंगर लागत नाही. मासा शिळा होता."

"तोंड पांढरं पडलंय तुमचं."

"म्हातारपणी गोरा होतोय."

बाईंनी वही काढली. पोस्टातल्या खिडकीमागच्या आवाजात वाचलं, "थोडं खा." माझ्याकडं पाहिलं. "हळू चाला." पुन्हा पाहिलं. तिसरं वाचलं नाही, घरंदाज बाई.

मी म्हणालो, शेवटची ओळ वाचा. या सूचना बाहेरच्यांसाठी आहेत.

त्यांनी वही मिटली आणि वर बर्फाकडं बघितलं. "मग त्यालाच विचारा," त्या म्हणाल्या, "त्याच्या लेखी आतला कोण ते."

(याला उत्तर मी अजून शोधतोय. सुचलं की इथं घालीन.) पुढचं सगळं मी दगडाआड जाऊन केलं, आणि फोर्तुनातोच्या बायकोचे श्रम वाया गेले. मग मी म्हणालो, बाई, माझ्याच्यानं होत नाही, पण मला स्वतःच्या पायांनीच तळं गाठलं पाहिजे, आणि का ते सांगितलं. मेल्चोराशिवाय कुणालाच मी हे सांगितलेलं नव्हतं, खुद्द नेरिदालासुद्धा नाही. तिला वाटतं म्हातारा हौसेनं जातो. बाई एवढंच म्हणाल्या, "दहा पावलं. मोजा माझ्याबरोबर."

तर आम्ही असे गेलो. दहा पावलं, उभं राहायचं, दहा श्वास. पुन्हा दहा. सूर्य डोक्यावर येऊन कलला. आणि इथं मला एक कबूल करायचंय. त्रेचाळीस वर्षं मी या वाटेवर येतोय, आणि वाट मी कधी पाहिलीच नव्हती. मी घाई पाहिली होती. आता दर दहा पावलांना थांबायचं म्हटल्यावर बघण्याशिवाय करणार काय. खडकाला चिकटून बटणाएवढी फुलं होती, पिवळी, जांभळी. आमच्या भाषेत या डोंगराच्या नावाचाच अर्थ फुलं वेचायची जागा असा आहे, आणि मला वाटायचं नाव ठेवणाऱ्यानं थाप मारलीय. पाणी बर्फाखालून वाहत होतं, ते ऐकू येत होतं, झोपलेल्या पोरानं तोंडातल्या तोंडात बोलावं तसं.

मग शेवटचा चढ संपला आणि तळं समोर आलं. हिरवं, एवढं स्थिर की दुसरा डोंगर खाली उलटा उभा होता. वर बर्फाचा कडा कुठंतरी तडकला. आवाज आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, आणि आल्यावर तो छातीत शिरला. सुल्माबाईंनी टोपी काढली. मीही काढली. लाज वाटते सांगायला, पण मी इथं टोपी काढण्याइतका आजवर कधी थांबलोच नव्हतो. ओतायचं, ठेवायचं, पळायचं. डोंगरानं त्रेचाळीस वर्षं माझी पाठच पाहिली असणार. तरी त्यानं पोर ठेवली.

मग मी नैवेद्याची पिशवी काढायला खांद्यावर हात नेला.

पिशवी नव्हती. फुलं, फळं, मिठाई, दारू, पानं, सगळं फोर्तुनातोच्या बाकावर, त्या दुसऱ्या ताटाशेजारी राहिलं होतं.

सुल्माबाईंनी आपलं गाठोडं सोडलं. तीन घरांचं जेवण होतं त्यात. अडीच कूय, मासा, बटाटे, मका, चीज. म्हणाल्या, चालेल का? मी म्हणालो, इतकं चांगलं त्याला माझ्याकडून कधी मिळालेलं नाही. काठाशी खड्डा केला, एकेक घास मातीत ठेवला, आणि डोंगराला म्हणालो, पाहुणीनं तुझ्यासाठी राखून आणलंय, मी सगळं गिळून बसलो होतो. कडा पुन्हा तडकला. बाई म्हणाल्या, बर्फ वितळतंय. असेल. मला तो ढेकर वाटला.

उतरताना पंधरा पावलांवर मी बसलो तो मला उठवेना. आणि खालून फोर्तुनातो येताना दिसला, एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात खेचराचा दोर. पिशवी बघून तो निघाला होता, आणि मला ओळखून असल्यामुळं खेचर घेऊन निघाला होता. मी खेचरावर बसलो. बसलो कसला, मक्याच्या पोत्यासारखा आडवा बांधला गेलो.

वस्तीवर पोचल्यावर मी कोंपाद्रेला नेरिदाच्या बाप्तिस्म्याच्या पाण्याची शपथ घातली की खेचराचं नाव काढायचं नाही. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "मेलो तरी नाही." सुल्माबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. एकही उघडलं नाही." ट्रकमधून मी माझ्या दारात दोन पायांवर उतरलो. नेरिदानं विचारलं, चालत? मी म्हणालो, दिसत नाही का.

दोन दिवस मी आमच्या गल्लीतला सगळ्यात सुखी माणूस होतो.

मग सांतियागोचा सण आला. गुरांच्या कानांना रंगीत फिती बांधायचा दिवस, बँड, नाच, मक्याची दारू. फोर्तुनातो तिसऱ्या लोट्यानंतर बाकावर चढला आणि त्यानं सगळ्या पंगतीसमोर मी खेचरावर कसा लटकत होतो ते करून दाखवलं, आवाजासकट. वर सांगितलं की ते बिचारं खेचर माझ्या पोटातल्या चार ताटांच्या भारानं दोन दिवस उठलेलं नाही. पंगत हसून लोळली. नेरिदा हातात ताटं घेऊन उभी होती. ती हसली नाही.

म्हणून हा निबंध. इथपर्यंतचं ती आत्ताच वाचून गेली. नवसाच्या पानावर बराच वेळ थांबली, मग माझ्या खांद्यावरची शाल उगाचच सारखी केली. मग तिचा निकाल आला. सुल्माबाईंचं पत्र आलंय, त्या पुढच्या जुलैत पुन्हा येणार आहेत. मी डोंगरावर जायचं, पण त्यांच्या मागं, त्यांच्या चालीनं, आणि उपाशीपोटी. मी मान्य केलं. तसं त्या बाईंच्या मागं चालण्यात मला आता कमीपणा वाटत नाही.

त्या खेचराची मात्र मला खरंच काळजी लागली होती. म्हणून काल मी सातूची पेंढी घेऊन वर वस्तीवर गेलो, गोठ्यात शिरलो, टोपी काढली आणि त्याची रीतसर माफी मागितली. ते चांगलं चार पायांवर उभं होतं, एक दिवससुद्धा आडवं झालेलं नव्हतं. त्यानं सातू खाल्ला, माझ्या बाहीला एक चावा घेतला, आणि माझ्याकडून तो विषय मिटला. आता माझी माफी मागायचा राहिला तो एकच प्राणी, फोर्तुनातो निनामांगो.