वच्छलाबाईंचा बिनपर्यायी पेपर

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं मला हसलात. निहार म्हणाला, "आजी, देशांच्या राजधान्या लक्षात कशाला ठेवायच्या? फोनला विचारलं की सांगतो." त्याचं उत्तर शेजारच्या घरात राहतं. त्या घराची तुमच्याशी ओळख करून द्यायची राहून गेली होती, ती आज करून देते.

शेजारच्या वच्छलाबाई थूल प्रश्न विचारल्याशिवाय फाटक उघडत नाहीत. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा असतो आणि आतून आवाज येतो, "ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

"सिडनी, मावशी. उघडा ना, खांदा दुखून राह्यला."

"दुखू दे. सिडनी मोठं आहे, राजधानी नाई. मुंबई मोठी आहे म्हनून दिल्ली उचलून तेथं नेली काय?"

तो माझ्या ओट्याकडे केविलवाणं पाहतो. मी आवाज न करता ओठ हलवते. "कॅनबेरा!" तो ओरडतो. फाटक उघडतं. "म्याडमनं सांगतलं तुले," वच्छलाबाई म्हणतात. "पुढच्या खेपेले न्यूझीलंड पाठ करून येजो."

तुमचं फोनचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. त्यांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. "फोन सांगते, बरोबर आहे. पन त्याले काय विचाराचं, थे कोन सांगते?"

वच्छलाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. नोकरी सिंदी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, झाडलोटीची. जग त्यांनी तिथेच गोळा केलं. प्रवासी उठून गेले की बाकावर वर्तमानपत्रं राहत, ती त्या घरी नेत. पण कुणी अर्धं पान भज्यांसाठी फाडलेलं असे, कुणी उरलेलं पान गाडीत घेऊन गेलेलं असे. त्यामुळे वच्छलाबाईंना कित्येक लढायांची सुरुवात तोंडपाठ होती आणि शेवट ठाऊक नव्हता.

निवृत्त होऊन त्या इथे राहायला आल्या, त्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून चहा घेऊन गेले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते हे कळताच त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, नातवासाठी शिकवणी विचारतील.

"म्याडम, थ्या फॉकलंडात शेवटी कोन जिंकलं?"

ती लढाई होऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली असतील. मी म्हटलं, इंग्रज जिंकले.

"तेथंही?" त्यांनी कप दूर सारला. इतकी वर्षं त्यांनी अर्जेंटिनाची बाजू धरून ठेवली होती.

मग त्या रोज संध्याकाळी यायच्या आणि आम्ही एकेका लढाईचा निकाल लावायचो. सुरुवातीला मी त्यांचे उच्चार दुरुस्त करायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "अमेरिकेत भाऊभाऊ लढले, तवा आपल्या हिंगणघाटचा कापूस काऊन वधारला?" तिथला कापूस अडला, म्हणून विलायतेतल्या गिरण्या आपल्याकडे धावल्या, हे मला, वर्ध्यात उभा जन्म काढलेल्या बाईला, त्यांनी सांगितलं. मी उच्चार दुरुस्त करणं थांबवलं.

चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या रविवारी विहारात सामान्य ज्ञानाची परीक्षा होते. शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत कुणीही बसावं, बक्षीस वही आणि पेन. तो पेपर बरीच वर्षं वच्छलाबाई काढत. कार्बन लावून एका दमात चार प्रती. चौथी प्रत फिकट निघे, ती विहार समितीच्या लोकांच्या घरच्यांना. "त्याहिले वशिला आहे, म्हनून डोये थोडे फोडू दे," असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्या पेपरात पर्याय नसत. प्रश्न, त्याखाली कोरी जागा, बस.

तीन वर्षांपूर्वी समिती बदलली. नवा अध्यक्ष प्रफुल्ल, चांगला मुलगा, वच्छलाबाईंना आत्या म्हणतो. तो घरी आला. फाटकावर भूतानची राजधानी बरोबर सांगून आत आला.

"आत्या, औंदा पेपर मोबाईलवर घेतो. चार पर्याय, निकाल लगेच. पोरं नोकरीच्या परीक्षा देऊन राह्यले, त्याहिले सवय पायजे."

"चार उत्तरं पुढं मांडाची अन् एक उचल म्हनाचं? हे ज्ञान आहे काय रे? हे तं पोपटवाल्याचं भविष्य झालं."

"आता सगळीकडं असंच आहे, आत्या. तुमी काऊन ताप करून घेता? लय वर्सं केलं तुमी. आराम करा."

आराम हा शब्द ऐकल्यावर वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"बोलिव्हियाले समुद्र आहे काय?"

"नाई."

"नौदल?"

प्रफुल्ल गोंधळला. "समुद्र नाई तं नौदल कायचं?"

"आहे! चिलीनं लढाईत त्याहिचा किनारा घेतला. शंभराच्या वर वर्सं झाली. पन नौदल त्याहिनं मोडलं नाई. तयावात चालवते, नदीत चालवते. तुमी विहार घ्या, दिवस घ्या. माहा पेपर माह्या आंगनात होईन. त्याच दिवशी. अकरा वाजता."

त्या रविवारी अंगणात हिरवी जाळी बांधली होती, सतरंज्या अंथरल्या होत्या, पाण्याचा माठ भरला होता. प्रश्नपत्रिका तीस. अकराला परीक्षार्थी एक, मी.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या म्याडम. त्यांनी थाळी वाजवली. मला आसन क्रमांक एक दिला. सूचना मोठ्यानं वाचल्या. "मागं पाहाचं नाई. शेजाऱ्याले विचाराचं नाई." माझ्या मागे भिंत होती, शेजारी माठ. दोन तास त्या हात मागे बांधून रिकाम्या सतरंज्यांमधून फिरत होत्या. विहारातून लाउडस्पीकरवर टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लक्ष पेपरात ठेवा."

मी नापास झाले. एम.ए. आहे मी. पन्नासपैकी सतरा. त्यांनी लाल पेनानं सतरा लिहिलं आणि त्याखाली "प्रयत्न करावा".

मग त्या सतरंजीवर बसल्या. माझ्या शेजारी, परीक्षार्थींच्या बाजूला.

"म्याडम, एक काम करता काय? माह्यासाठी पेपर काढता?"

"तुमच्यासाठी?"

"चौथीच्या परीक्षेच्या दिवशी माय बाळंत झाली. घरी कोनी नोतं. बाप म्हने, उद्या देजो. उद्या कायची परीक्षा असते? तवापासून मीच सगळ्याहिले विचारून राह्यली. मले आजपावतर कोनी पेपर देल्ला नाई."

मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर दहा प्रश्न लिहिले. हात धुऊन, पदर नीट करून त्यांनी पेपर घेतला आणि कपाळाला लावला. ज्या बाईनं अख्ख्या गल्लीला जग विचारलं, तिनं पहिला प्रश्न बोट ठेवून दोनदा वाचला. मी थाळी वाजवली. सूचना वाचल्या. मग मीही हात मागे बांधून फिरले, कारण परीक्षा म्हणजे परीक्षा. मध्येच त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, पाणी हवं.

"पुरवनी," त्या म्हणाल्या.

त्यांना दहापैकी नऊ पडले. चुकलेल्या उत्तरावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

विहारात मोबाईलवरची परीक्षा होते. गर्दी असते, निकाल लगेच लागतो आणि मुलं आनंदात असतात. अंगणातलीही होते. यंदा सतरंजीवर आम्ही सहा जणं होतो, त्यातला एक प्रफुल्ल, विहारातलं काम आटोपून धावत आलेला. पाच जणांचा पेपर वच्छलाबाई काढतात, त्यांचा मी. कार्बन अजून मिळतो. पर्याय अजून देत नाहीत.

तुमची आजी