चार शब्द आणि खरखर

शनिवारी सकाळी घड्याळजींनी कॉम्प्युटरवर सिनेमा सुरू केला आणि नायक बोलायच्या ऐवजी खरखरू लागला. रिकाम्या पातेल्यात चमचा फिरवावा तसा त्याचा आवाज येत होता.

“हे असं ऐकवणार ताईला?” बायकोने दारातूनच विचारले.

प्रश्न साधा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी गावात या सिनेमाचे शूटिंग झाले, तेव्हा बायको त्यात बसथांब्यावर उभी होती आणि नायकाला म्हणाली होती, “तो तर केव्हाच गेला.” चार शब्द. थिएटरात नेमक्या त्या वेळी शिट्ट्यांचा गदारोळ झाला आणि ते चार शब्द तिला स्वतःलाही ऐकू आले नाहीत. तिची थोरली बहीण मात्र तेव्हापासून ठामपणे म्हणत आली होती, “चेहरा तुझा असेल. आवाज दुसरीचा घातला असणार. तुझा घोगरा आवाज कोण ठेवतंय!”

गेल्या आठवड्यात त्या सिनेमाची डिस्क एका जुन्या दुकानात सापडली. घड्याळजींनी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि बायकोने लगेच ताईला रविवारी चार वाजता बोलावून टाकले.

“उद्या चारच्या आत आवाज साफ होईल,” घड्याळजी म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला दिलेली वेळ चुकवली नव्हती.

कॉम्प्युटरवर बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या, म्हणजे दोष उतरवण्यातच. त्यांनी डिस्क पुन्हा उतरवली. दीड तास गेला, खरखर तीच. तिसऱ्यांदा उतरवताना मशीनमधून ‘टक’ असा आवाज आला.

“काय मोडलं?”

“डिस्क.”

“अगं बाई! मग आता?”

“सिनेमा कॉम्प्युटरमध्ये आहे ना. खरखरीसकट.”

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

“आवाज किती ठेवलाय?” त्याने विचारले.

“शंभर.”

“पन्नास करा.”

“केला.”

“आता?”

“आता हळू खरखरतोय.”

मग त्याने सिनेमा दाखवणारा दुसरा प्रोग्रॅम घालायला सांगितले. रात्री जेवणाआधी तोही घातला. नायक खरखरतच राहिला, शिवाय त्याचे ओठ आता शब्दांच्या आधी हलू लागले. घड्याळजींनी जुना प्रोग्रॅम परत आणला आणि एका कागदावर, घड्याळ खोलताना लिहीत तसे, काय काय करून झाले ते क्रमाने लिहून काढले. कागद भरला. उपाय संपले.

रविवारी साडेतीनला बायको म्हणाली, “राहू द्या हो. ताईला सांगते, डिस्क मोडली. खोटं तर नाही.”

“अर्धा तास आहे अजून.”

त्यांनी सिनेमा लावला आणि डोळे मिटून कान स्पीकरला टेकवला. पडद्यावर ढोल वाजला. ढोलामागून बारीक किणकिण आली.

“हे पोलाद आहे!” घड्याळजी ताडकन उठले.

कॉम्प्युटर त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावरच असायचा आणि स्पीकर हाताशी. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, स्पीकर खोलला. आतल्या लोहचुंबकाला सतरा स्क्रू, दोन काटे आणि एक स्प्रिंग चिकटून बसली होती. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजाने ती मंडळी हलत नव्हती. सिनेमात मात्र बोलण्यामागेही ढोल होता आणि तो वाजला की सगळी नाचायला लागायची.

बायकोने वाकून पाहिले. “तीन वर्षं म्हणताय, माझ्या झाडूत गेले स्क्रू!”

“भांडण नंतर. चार वाजताहेत.”

एकेक स्क्रू चिमट्याने बशीत काढून स्पीकर बंद केला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

ताई खुर्चीत बसल्या. “लावा. बघू तरी कुणाचा आवाज आहे.”

बसथांबा आला. तरुण बायको आली. नायकाने विचारले आणि ती मधात घोळवलेल्या, किनऱ्या, कोवळ्या आवाजात म्हणाली, “तो तर केव्हाच गेला.”

अक्षर न् अक्षर स्वच्छ. असा आवाज बायकोला सात जन्मांत काढता आला नसता.

बायको पडद्याकडे बघतच राहिली. घड्याळजींनी सिनेमा थांबवला आणि ताईंकडे पाहायचे टाळले. चाळीस वर्षे वाट पाहिलेले वाक्य आता येणार होते.

ताईंनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिले. घसा साफ केला.

“तुझाच गं,” त्या म्हणाल्या. “सर्दी झाली होती ना तुला तेव्हा.”

“सर्दीनं आवाज बारीक होतो?”

“तुझा व्हायचा. मला नाही का आठवत! जा, चहा टाक.”

बायको दोन पावले गेली, वळली. तिचा चेहरा जरा उजळला होता. “चहा पिऊन पुन्हा एकदा लावू या हं. नीट ऐकायचंय मला.”

ती आत गेली. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले, स्पीकर पुन्हा खोलला आणि चिमट्याने बशीतला एक स्क्रू उचलून आत सोडला.

ताईंनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि पुढे वाकल्या.

“एकानं काय होतंय?” त्या पुटपुटल्या. “मूठभर टाका.”