सासूबाईंच्या विमानाला नवा मेंदू

त्याला ऑफिसात सगळे ‘एक्स्पर्ट’ म्हणत. हे आपल्याला कौतुकाने म्हणतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. विमा कंपनीच्या क्लेम विभागात एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला, तो ह्याने ओढून काढला. (अर्धाच निघाला. उरलेला अर्धा काढायला मेकॅनिक बोलवावा लागला, पण तोवर नाव पडून गेलं होतं.) तेव्हापासून कुणाचा मोबाइल तापला, कुणाच्या घरचं वॉशिंग मशीन थरथरलं, की हा न बोलावता मत द्यायला हजर. आणि मत तरी काय, कायम एकच. “प्रोसेसर कमी पडतोय.” वॉशिंग मशीनलासुद्धा हेच.

असा माणूस ऑफिसात एक वेळ परवडतो, कारण संध्याकाळी सुटका होते. सासूबाईंना ती सोय नव्हती. त्या त्याच्याच घरात राहत होत्या.

सासूबाई म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या निवृत्त सिस्टर. सगळी नोकरी मोठमोठ्या सर्जनांच्या हातात कात्र्या-चिमटे देण्यात आणि त्यांच्या चुका त्यांना तोंडावर सांगण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका वेळ कसा घालवतात ते त्यांनी चार दिवस पाहिलं, नाक मुरडलं, आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर विमान चालवायला शिकल्या. खेळातलंच विमान, पण त्याला ‘खेळ’ म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. दर रविवारी संध्याकाळी हेडफोन चढवून त्या आणि त्यांच्यासारखीच हौशी मंडळी आपापल्या घरून एकत्र उडत. ह्या ताफ्याचा म्होरक्या एक निवृत्त दंतवैद्य होता. सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. कॅप्टन आता म्होरकेपण सोडणार होता, आणि डोंगरातल्या तळ्याकाठच्या अवघड धावपट्टीवर जो नीट उतरून दाखवील त्याच्याकडे ताफा सोपवणार होता. सासूबाईंनी मनात तो ताफा केव्हाच ताब्यात घेतलेला होता.

अडचण एकच होती. कॉम्प्युटरमधलं पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड जुनं होतं. मोकळ्या आकाशात विमान छान चाले, पण ढग आले की अडखळे, आणि विमानतळावर फार विमानं उभी असली की गचके खाई. सासूबाईंनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण एका रविवारी जेवताना त्या सहज म्हणाल्या, “आज ढगांनी फार छळलं.”

एक्स्पर्टने घास खाली ठेवला.

“आई, तुमचा प्रोसेसर कमी पडतोय.”

“माझा?”

“कॉम्प्युटरचा हो. प्रोसेसर म्हणजे मेंदू. मेंदूच मंद असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?”

“हे मात्र मी रोज बघते,” सासूबाई म्हणाल्या.

त्याची बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून ती दमलेली असे, पण एवढं बोलायचं त्राण तिच्यात होतं. “अरे, ढग दिसताना अडतंय ना? मग चित्राचं काहीतरी असेल. आमच्याकडे गुडघा दुखतो म्हणून आलेल्याचं आम्ही डोकं बदलत नाही.”

“तुला त्यातलं कळत नाही,” एक्स्पर्ट म्हणाला, आणि तिथेच ठरवून बसला की फक्त एक प्रोसेसर आणायचा. छोटी वस्तू, बिस्किटाएवढी. दहा मिनिटांचं काम.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न वाकडा टाकला. “सध्या कार्ड कुठलं आहे?”

“कार्ड उत्तम आहे.”

“हो, पण कुठलं?”

“काळं आहे.”

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. असं गिऱ्हाईक काही रोज येत नाही. “कार्ड जुनं असेल साहेब, तर नुसता प्रोसेसर बदलून फारसा—”

“मला प्रोसेसर हवाय. सल्ला माझ्याकडे आहे.”

मग दुकानदाराने सल्ला द्यायचं बंद केलं आणि माल द्यायला सुरुवात केली. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसत नव्हता, म्हणून नवा बोर्ड आला. नव्या बोर्डाला जुनी मेमरी चालत नव्हती, म्हणून मेमरी आली. एवढं सगळं तापणार, म्हणून एक भलामोठा पंखा आला. बिस्किट आणायला गेलेला माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी परतला, आणि बायकोने दार उघडल्यावर आधी तोच म्हणाला, “काही विचारू नकोस.”

शस्त्रक्रिया शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर झाली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. त्यांना हे दृश्य नवं नव्हतं, फक्त ह्या वेळी पेशंटबद्दल त्यांना जास्त आपुलकी होती.

“हात धुतलेत का?”

“आई, हा कॉम्प्युटर आहे.”

“म्हणून काय झालं? आणि तो स्क्रू कुठला?”

“कुठला?”

“टेबलाखाली गेला तो.”

एक्स्पर्ट टेबलाखाली गेला, डोकं आपटून वर आला. सगळं जागेवर बसवून झाकण लावलं तेव्हा तीन स्क्रू उरले होते. “हे जादाच असतात,” तो म्हणाला. (थिएटरमध्ये असं म्हणालेल्या एका सर्जनला सासूबाईंनी पोट पुन्हा उघडायला लावलं होतं. इथे त्या फक्त “बरं” म्हणाल्या. पुढच्या घडामोडी पाहता ही त्यांची एकमेव चूक.)

आता राहिली पडद्याची वायर. कॉम्प्युटरच्या पाठीमागे ती बसेल अशा दोन जागा होत्या, एक वर बोर्डावर आणि एक खाली कार्डावर. एक्स्पर्ट गुडघ्यांवर बसला होता, कंबर धरली होती, खालपर्यंत वाकवत नव्हतं. त्याने वायर वर लावली. पडद्यावर चित्र आलं. एक्स्पर्टने टाळी वाजवली. आपली आपणच.

आता झालं होतं असं, की नव्या प्रोसेसरच्या पोटात स्वतःचं एक फुटकळ चित्र काढायचं यंत्र होतं. पडद्यावर दिसत होती ती त्याची कामगिरी. जुनं कार्ड खाली बिनकामाचं बसून राहिलं होतं, नुसतं वीज खात. पण हे ज्याला कळलं असतं त्याला लोक एक्स्पर्ट म्हणाले नसते.

सासूबाईंनी विमान सुरू केलं. ते भराभर सुरू झालं, धावपट्टीवर आलं, वर चढलं आणि थांबलं. मग थोडं पुढे सरकलं. पुन्हा थांबलं.

“जावईबापू, हे विमान आहे की फोटोंचा अल्बम?”

एक्स्पर्टने पडद्यावर टिचकी मारून पाहिली. पण अडाणी माणसाला कारण सापडत नाही असं कधी होत नाही. “आलं लक्षात! मेंदू झाला तेज, आणि हे जुनाट कार्ड त्याचे पाय ओढतंय!” त्याने झाकण उघडलं, कार्ड उपटून बाहेर काढलं आणि विमान पुन्हा सुरू करायला लावलं. विमान चाललं. आधी जसं रखडत होतं, अगदी तस्संच.

“बघा!” तो ओरडला. “काही फरक पडला? नाही! म्हणजे कार्ड काहीच काम करत नव्हतं. सिद्ध झालं!”

बायको दारात उभी होती. “पण विमान अजून रखडतंयच ना?”

“ते नंतर बघू. सिद्ध झालं की नाही ते बोल.”

दुपारी मेहुणा जेवायला आला. हा सासूबाईंचा धाकटा मुलगा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याच्या कॉम्प्युटरला कार्डच नव्हतं. एक्स्पर्टने मोठ्या मनाने ते काळं कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. “भंगार आहे. ठेव कागद उडू नयेत म्हणून.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परीक्षा. कॅप्टन आणि सगळा ताफा बघत असताना सासूबाई डोंगराच्या खिंडीत शिरल्या, आणि ढग आले. पडद्यावर डोंगर दिसला. मग बराच वेळ तोच डोंगर दिसत राहिला. पुढचं चित्र उमटलं तेव्हा सासूबाई तळ्यात होत्या.

हेडफोनमधून कॅप्टनचा आवाज आला. “सिस्टर? आहात का?”

“आहे. पाण्यात.”

“होतं असं वयोमानाने. पुढच्या रविवारी पुन्हा एक संधी देतो. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या विमानात पॅसेंजर म्हणून बसा.”

पॅसेंजर! सासूबाईंनी हेडफोन काढून टेबलावर इतक्या हळुवारपणे ठेवला, की ते पाहूनच एक्स्पर्ट दोन पावलं मागे सरला. त्या त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बायको मात्र बोलली. “आई गप्प आहे. तिच्या थिएटरमध्ये ती गप्प झाली की डॉक्टर बदली मागायचे.”

आणि अशात मेहुण्याचा फोन आला. “भाऊजी, कमाल आहे! तुमचं भंगार काय पळतंय! या बघायला.”

एक्स्पर्ट गेला. मेहुण्याच्या पडद्यावर गाड्यांची शर्यत चालली होती, पाऊस पडत होता, रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि कुठे एक गचका नव्हता. एक्स्पर्टने वाकून पाठीमागे पाहिलं. वायर खाली होती. कार्डावर.

“ही वायर,” तो शक्य तितक्या सहजपणे म्हणाला, “वर नाही का लावायची?”

मेहुणा हसला. “वर? मग कार्डाचा उपयोग काय? ते बसेल आत बोंबलत. असं कोण करतं?”

“करत असतील काही लोक.”

“गाढव असतील.”

एक्स्पर्ट खाली बसला. जवळच्या स्टुलावर बसायचं होतं, ते थोडं बाजूला होतं. उठून त्याने कपडे झटकले आणि म्हणाला, “अरे, ते कार्ड परत लागेल मला.”

“का?”

“त्यात व्हायरस आहे.”

“कार्डात?”

“शिवाय कंपनीने परत मागवलंय. आणि आईंना त्याची फार आठवण येते.”

“मी पोटचा मुलगा, दोन गल्ल्या सोडून राहतो. मला ती महिनोन्‌महिने फोन करत नाही, आणि कार्डाची आठवण येते?” मेहुण्याने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. एकाएकी त्याचे डोळे चमकले. “भाऊजी, तुम्ही वायर कुठे लावली होतीत?”

एक्स्पर्ट छताकडे बघू लागला. छत चांगलं होतं.

शेवटी सौदा ठरला. कार्डाच्या बदल्यात एक्स्पर्टची आरामखुर्ची. मागे रेललं की आपोआप पाय वर करणारी, ज्यात बसून तो जगाच्या प्रोसेसरची चिंता वाहत असे. मेहुण्याने ती खुर्ची त्याच्याकडूनच दोन गल्ल्या वाहून आणवली.

शनिवारी सासूबाई भाजी आणायला गेल्या आहेत असं पाहून तो मागच्या खोलीत शिरला. झाकण काढलं, कार्ड बसवलं, वायर खाली लावली. उठतो तो दारात सासूबाई.

“काय चाललंय?”

“धूळ काढत होतो.”

“आणि ती पिशवी?”

“धुळीसाठी.”

सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि विमान वर नेलं. ढग आले. विमान अडखळलं, पण जेवढं पूर्वी अडखळायचं तेवढंच, ओळखीचं. मग त्यांनी ते एका मोठ्या विमानतळावर उतरवलं, जिथे विमानांची रांग लागली होती. तिथे मात्र गचके खरोखरच कमी बसले.

एक्स्पर्टच्या अंगात पुन्हा जीव आला. “बघा! प्रोसेसर! म्हटलं नव्हतं मी?”

सासूबाईंनी हेडफोन उतरवला. “म्हणजे ढगांत होतं तसंच, आणि गर्दीत जरासं बरं.”

“हो ना!”

“जरासं बरं वाटावं म्हणून तुम्ही पेशंटचा मेंदू बदललात, हृदय काढून दुसऱ्याच्या घरी दिलंत, आणि पेशंट तळ्यात बुडवलात. आमच्याकडे ह्यावर चौकशी बसायची.”

“हृदय... तुम्हाला कसं कळलं?”

“मुलाने फोन केला होता. महिनोन्‌महिन्यांनी. फार हसत होता बिचारा, बोलता येईना.”

रविवारी संध्याकाळी सासूबाईंनी मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. एक्स्पर्ट बाहेर घुटमळत राहिला. नाही म्हटलं तरी नव्या मेंदूत त्याचा वाटा होता, कौतुकाचे दोन शब्द आले तर ते झेलायला माणूस जवळ हवा. म्हणून त्याने मुद्दाम चहा केला, ट्रे हातात घेतला आणि दाराला कान लावून उभा राहिला. आत इंजिन घुमत होतं. खिंड आली असावी, कारण इंजिनाचा सूर बदलला. मग चाकं जमिनीला टेकल्याचा बारीकसा आवाज आला, आणि पाठोपाठ टाळ्या. हेडफोन बाजूला ठेवून सासूबाईंनी आज स्पीकर लावला होता.

“वा सिस्टर!” कॅप्टन ओरडत होता. “काय अलगद उतरलात! ताफा तुमचा! पण मागच्या रविवारी काय झालं होतं? आज असं काय बदललंत?”

दाराबाहेर एक्स्पर्टने ट्रे सावरला, शर्टची कॉलर नीट केली आणि घसा साफ केला.

“काही नाही,” आतून आवाज आला. “आज जावयाला खोलीत घेतलं नाही.”