टेस्टिंगचा आहेर

"पाकीट-बिकीट काही नको. आहेर मी फोनवरून करणार!" करंजाड्याच्या घरातून निघताना मी ठणकावून सांगितलं, आणि तिथंच माझे ग्रह फिरले.

लग्न शिरढोणला. वसुंधराच्या (म्हणजे माझ्या बायकोच्या) सख्ख्या भावाची, बळीरामची, एकुलती एक मुलगी मनस्वी. "अहो, आत्याचा आहेर आहे," वसुंधरा म्हणाली. "मागच्या लग्नात तुम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलंत. अजून टोमणे ऐकते मी. या वेळी माहेरात माझी मान खाली जाता कामा नये."

"पाच हजार देतोय! आणखी काय करू?"

"मग रोख द्या."

"रोख? या जमान्यात? बळीरामने पत्रिकेवर क्यूआर छापलाय. तुझं पाकीटही घरीच ठेव. लग्नात चोऱ्या होतात." (माझी दूरदृष्टी बघा.)

मंडपात स्टेजशेजारी टेबल होतं. टेबलापाशी काशिरामकाका माइक धरून उभे. त्यांच्याकडे आहेर आला की ते नाव आणि रक्कम अख्ख्या गावाला ऐकवतात. त्या गावात पहिल्यापासून तसंच चालतं. आता फक्त त्यांच्या दुसऱ्या हातात बळीरामचा फोन होता. फोन वाजला की काका वाचणार.

आता मी पडलो हिशेबी माणूस. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं तपासण्यात हयात गेली. नव्या माणसाला पैसे पाठवायचे तर आधी एक रुपया पाठवून बघायचा, पोचला की मग बाकीचे, हा माझा घरचा कायदा. शिवाय एक अधिक पाच हजार, म्हणजे आहेरावरचा रुपयाही आपोआप पडतो. मी खुशीत एक रुपया सोडला.

फोन वाजला. काकांनी चष्मा सावरला.

"मनस्वीच्या आत्याचे यजमान, करंजाड्याचे विनायकराव यांच्याकडून, रुपये एक!"

बायकांच्या बाजूने हसण्याचा असा लोंढा आला की नवरदेव दचकला.

मी टेबलाकडे धावलो. "काका, ते टेस्टिंग होतं!"

"काय होता?"

"टेस्टिंग! बाकीचे येतायत!"

काकांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. "विनायकराव सांगतान, रुपया टेस्टिंगचा हाय. बाकीचे येतान. आमी वाट बघतो!"

(कोणी सांगितलं होतं जाहीर करायला?)

घाईघाईने पाच हजार टाकले, पिन दाबला. स्क्रीनवर चाक चांगलं दोन-तीन मिनिटं फिरत राहिलं आणि मग लाल अक्षरं आली: व्यवहार संशयास्पद, खातं तात्पुरतं बंद. माझं खातं! माझा पगार! ज्या बँकेने मला न विचारता क्रेडिट कार्ड आणि विमा गळ्यात मारला, तिला आज माझा संशय आला! मी तिरीमिरीत कस्टमर केअरला फोन लावला.

"सर, तुमच्या सुरक्षेसाठी खातं गोठवलंय," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"कोणापासून सुरक्षा?"

"आम्ही नोंदलेल्या नंबरवर विचारून घेतलं, सर. मॅडमनी सांगितलं की व्यवहार खोटा आहे."

खातं आमच्या दोघांच्या नावावर आणि नोंदलेला नंबर वसुंधराचा (मी स्वस्त प्लॅनच्या नादात नंबर बदलत असतो). मी तिला बायकांतून ओढून बाहेर आणलं.

"बँकेचा फोन आला होता?"

"आला होता ना! म्हणे, तुमच्या खात्यातून पाच हजार चाललेत, मिस्टरच पाठवतायत का? म्हटलं, छे! पाच हजार नुसते बोलण्यापुरते, मिस्टरांनी आत्ताच एक रुपया दिलाय, माइकवर साऱ्या गावाने ऐकलं. पाच हजार पाठवणारा नक्की चोर आहे. बंद करा खातं!" ती अभिमानाने म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय ना, सावध राहायचं?"

"अगं, चोर मीच होतो!"

तिचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझा आहेर एक रुपयाच राहिला?"

ते पाणी बघून माझा सगळा ताठा उतरला. खिशात रिक्षापुरती चिल्लर, तिचं पाकीट माझ्याच हुकुमाने घरी. शेवटी लाज गुंडाळून मी बळीरामला गाठलं. मुलीच्या बापाकडे, मुलीला द्यायला, आहेर उसना मागितला! बिचारा हसला नाही. "येवढंच ना भावोजी? बहिणीचा मान तो आमचा मान," म्हणत त्याने तिथंच टेबलाशेजारी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. मी वळून त्या काकांपुढे ठेवल्या आणि छाती काढून उभा राहिलो.

काशिरामकाकांनी नोटा मोजल्या, माझ्याकडे बघितलं, बळीरामकडे बघितलं. देवमाणूस, माइकवर खोटं बोलणार नाही.

"मनस्वीला पाच हजार! देणार बळीराम शेट, हस्ते विनायकराव!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. वसुंधराने पदराने डोळे पुसले, मान ताठ केली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "बघितलंत? माझ्या दादासारखा दिलदार माणूस नाही हो सासरी एकही!"