खेकड्यांपुरती वाळू

आदिनाथ तलाठ्याच्या घरी दोन खेकडे राहायला येणार होते आणि त्यांची सगळी सोय झाली होती. फक्त वाळू तेवढी राहिली होती.

खेकडे शंखातले. सात वर्षांच्या सायलीने मामाच्या फोनवर त्यांचा व्हिडिओ पाहिला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. मामा म्हणजे प्रवीण, रत्नागिरीला बँकेत. मेच्या सुट्टीत, येत्या रविवारी तो बहिणीकडे येणार होता. "आणतो की दोन," तो फोनवर म्हणाला, "पण आधी त्यांचं घर तयार पायजे. खाली वीतभर वाळू लागती. कात टाकताना ते स्वतःला वाळूत पुरून घेतात. वाळू न्हाई तर जगत न्हाईत. सगळं झालं की सायलीनंच मला फोन करायचा. तुमी न्हाई, दाजी."

शेवटचं वाक्य आदिनाथला चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. सायकल आणतो म्हणाला होता, ती अवकाळीच्या पंचनाम्यांत राहिली. शेगावला नेतो म्हणाला, तेव्हा नेमकी निवडणूक लागली. गॅदरिंगला येतो म्हणाला आणि नदीकाठी वाळूचा ट्रॅक्टर अडवून बसला. सायली कधी रुसली नाही, रडली नाही. हळूहळू तिने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवणं मात्र सोडून दिलं. "बाबा आणतो म्हणत्यात," असं ती आईला सांगायची, तेही नळाला आज पाणी येणार म्हणत्यात, या चालीवर. रुसलेल्या पोरीची समजूत काढता येते. जिला काही अपेक्षाच नाही तिची कशी काढणार, हे आदिनाथला कळत नव्हतं.

म्हणून या वेळी तो इरेला पेटला होता. उमापूरच्या बाजारातून बंद पडलेल्या फरसाणवाल्याची काचेची पेटी आणली. चारदा धुतली तरी तिला शेवेचा वास यायचा. खडे मीठ आणलं, नारळाचा काथ्या आणला. खेकडा मोठा झाला की त्याला मोठा शंख लागतो म्हणून सायलीने देव्हाऱ्यातला शंख मागितला, तेव्हा तिची आई मंजुषा म्हणाली, "न्या. पण मग खेकडा बी देव्हाऱ्यातच ठिवा. मी रोज हळदकुंकू लावते त्याला." शंखाचं काम मामावर सोपवण्यात आलं.

राहिली वाळू. घरापासून हाकेच्या अंतरावर गोदावरी, तिच्यात हवी तेवढी वाळू, आणि ती तिथून हलू न देणं हेच आदिनाथचं काम. त्याने सख्ख्या चुलतभावाची ट्रॉली भर चौकात खाली करायला लावली होती. वाळूचा सरकारी डेपो दोन महिने बंद. स्वतः जाऊन पोतं भरावं तर चोरी, कुणाकडे मागावं तर मिंधेपण. पोतंभर वाळूसाठी करायचा अर्जही सरकारने अजून काढला नव्हता.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी त्याने हाताखालच्या कोतवालाला गाठलं. माणिकरावांनी बावीस वर्षांत सहा तलाठी पाहिले होते.

"माणिकराव, पोतंभर वाळू लागती. कुण्या बांधकामावर उरलेली, पावतीची असली तर बघा."

"पोतंभरच?"

"पोतंभरच. सायलीसाठी पायजे."

"सायलीसाठी," माणिकरावांनी सावकाश मान हलवली. "समजलं, साहेब."

माणिकराव चुकले असं म्हणणंही अवघड आहे. बावीस वर्षांत एकाही साहेबाने त्यांच्याकडे काही सरळ मागितलं नव्हतं. साहेब 'घोटभर चहा' म्हणाले की जेवणाची तयारी करायची असते आणि 'पावतीची असली तर' म्हणाले की पावतीचं नाव काढायचं नसतं, हे ते जाणून होते. त्यांच्या डोळ्यासमोर सगळं चित्र उभं राहिलं. साहेब अखेर वळणावर आले होते आणि मुलीच्या नावाने घर बांधत होते. कोतवालाने ही आनंदाची बातमी हॉटेलात बसून फक्त एका माणसाला सांगितली.

शनिवारी सकाळी सहाला आदिनाथ बनियनवर बाहेर आला तेव्हा दारात ट्रॉली उपडी होत होती.

"कुणी पाठवली बे?"

"मालकानं नाव सांगू नको म्हणलंय," ड्रायव्हर म्हणाला आणि रिकामी ट्रॉली घेऊन गेला.

पहिल्या वाळूवाल्याने ट्रॉली पाठवली हे दुसऱ्याला कळलं. आपण मागे राहिलो तर उद्या आपलीच गाडी अडवली जाईल, हा हिशेब त्याने बरोबर केला आणि सातला दुसरी ट्रॉली आली. आदिनाथ तिच्यापुढे आडवा उभा राहिला, तर ड्रायव्हरने नम्रपणे मागे घेऊन शेजारच्या बाजूने खाली केली. तिसऱ्याला मागच्याच महिन्यात दंड झाला होता. त्याने राग नाही हे दाखवायला वाळूबरोबर पेढ्याचा पुडाही पाठवला. तो मंजुषाने परत केला, पण वाळू परत कशी करायची हे कुणालाच सुचेना.

नऊच्या सुमाराला सटवा गवंडी टेप घेऊन हजर.

"साहेब, पाया किती फूट घ्यायचा?"

"कशाचा पाया?"

"सायलीताईच्या बंगल्याचा."

"सटवा, ती वाळू खेकड्यासाठी हाय."

सटवाने ढिगाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "किती खेकडे हायेत?"

"दोन."

सटवा ओट्यावर बसला. "साहेब, सांगायचं नसल तर नका सांगू," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "आमी काय परके हाव का?"

अकरा वर्षं जी इज्जत त्याने जपली होती, ती दारात ढीग होऊन पडली होती आणि खरं सांगितलं तर सगळ्यात जास्त तेच खोटं वाटत होतं. दुसऱ्या कुणी फोटो पाठवण्याआधी त्याने स्वतःच नायब तहसीलदार विजयमाला मॅडमना फोन लावला.

"मॅडम, अवैध वाळूसाठा सापडलाय."

"कुठं?"

"माज्या दारात."

"येते मी," मॅडम म्हणाल्या.

मॅडम येईपर्यंत बारा वाजले. तोवर गल्लीतली दहा-बारा पोरं ढिगावर चढून घसरत होती. त्यांच्याकडे बघायचं आदिनाथला भान नव्हतं. मॅडमनी ढिगाला एक फेरी मारली.

"आदिनाथ, खरं सांगा. वाळू कावून मागवली?"

"खेकड्यांसाठी, मॅडम. पोतंभर."

मॅडमनी कोतवालाकडे पाहिलं.

"साहेब पोतंभरच म्हणलेते," माणिकराव खाली मान घालून म्हणाले. "चूक माजी हाय, मॅडम. मला वाटलं, साहेब शिकले आता."

मॅडमनी पदराआड तोंड पुसलं. हसू पुसलं की घाम, ते कळलं नाही. पण कायदा तो कायदा. ढिगाभोवती चुन्याची रेषा मारली गेली. सटवा आणि शेजारच्या सरस्वतीबाई पंच झाले. "ही वाळू आता सरकारजमा," मॅडमनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. "यातली एक मूठ हलायची नाही."

ते ऐकून सायली घरात गेली. थोड्या वेळाने ती आणि दोन पोरं फरसाणाची पेटी ओढत ओढत बाहेर आली. पेटीत वीतभर वाळू होती. सकाळपासून पोरांनी ओच्यातून, डब्यातून, चपलेतून नेऊन भरली होती. वर काथ्या पसरला होता, कोपऱ्यात पाण्यासाठी बरणीचं झाकण नीट पुरलं होतं.

"ही बी सरकारची हाय," सायली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ढिगावर वतते. आन मामाला सांगते, नको आणू म्हणून."

तीच चाल. नळाला आज पाणी येणार म्हणत्यात. आदिनाथला वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी मोजू दे."

सटवाने टेप धरला. लांबी झाली, रुंदी झाली, उंची झाली. आदिनाथच्या पंचनाम्यात इंचाचाही फरक सापडत नसे. वकील त्यात खोट काढायला बसत आणि तसेच उठून जात. तालुक्यात नव्या तलाठ्यांना त्याचे पंचनामे नमुना म्हणून दाखवत. तो ओट्यावर बसला, कागद मांडीवर घेतला आणि पेन हातात धरून तसाच राहिला. समोर पोरगी पेटीची कड धरून उभी होती. मॅडमही पेटीकडेच पाहत होत्या. मग त्या मंजुषाकडे पाणी मागायला म्हणून आत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा लिहून झालं होतं. आदिनाथने पंचांना वाचून दाखवलं. "...सदर ठिकाणी अंदाजे तीन ब्रास वाळू मिळून आली."

सटवाने सरस्वतीबाईंकडे पाहिलं. मॅडमनी कागद घेतला.

"अंदाजे?"

"हो, मॅडम."

"तुम्ही लिहिलंत, अंदाजे?"

"हो." त्याचे कान लाल झाले होते.

मॅडमनी कागदावरची नजर उचलली नाही. "बारा पोरं घसरगुंडी खेळून गेलीत ढिगावर," त्या म्हणाल्या. "अंदाजेच धरावं लागतं." आणि त्यांनी सही केली.

जीप गेली, पंच गेले. सायली अजून तिथेच उभी होती.

"बाबा, अंदाजे म्हणजे काय?"

आदिनाथने इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे तुजी पेटी सोडून."

तिने त्याच्या हातातली पंचनाम्याची प्रत मागून घेतली आणि दुसरीच्या पोरीला जमतं तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून ती ओळ वाचली. खालच्या सह्या पाहिल्या. मग कागद घेऊनच ती आत पळाली आणि आईच्या फोनवरून तिचा आवाज ओट्यापर्यंत आला.

"मामा, आण खेकडे. न्हाई, आज बाबा नुसतं म्हणाले न्हाईत. लिहून दिलंय त्यांनी."