शांत माणसाची सोनोग्राफी

"मी कधी चिडतो?" हितेंद्र सामंत इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी दार लावून घेतलं.

अक्षदा पोळ्या लाटत होती. लग्न झाल्यापासून ती कधी उलटून बोललीच नव्हती. चटणीत मीठ कमी पडलं की हे तिच्यावर ओरडणार, सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी तिच्यावरच, आणि ती ओठ घट्ट मिटून पोळी जरा जास्तच जोरात तव्यावर आपटणार. प्रभादेवीच्या त्या सबंध बिल्डिंगमध्ये अक्षदा म्हणजे शांत बाई, असा लौकिक होता. हल्ली त्या लौकिकाचाही तिला संताप यायला लागला होता.

आजचं निमित्त तिच्या धाकट्या बहिणीचं. तिचं नाव पूर्वी; परळच्या एका हॉस्पिटलात ती डॉक्टर होती. मानेतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस सोनोग्राफीत कशी दिसते, ती हृदयाचे ठोके कशी आवरते, यावर तिचा अभ्यास चालला होता. त्यासाठी तिला धडधाकट माणसं हवी होती. "जिजू, या ना," ती फोनवर म्हणाली, "नुसतं शांत पडून राहायचंय." ते ऐकून अक्षदाला हसू फुटलं आणि हितेंद्रांचा पारा चढला.

"येतो! सिद्धच करून दाखवतो!"

शनिवारी दोघं निघाली. पुलाचा रस्ता बंद म्हणून टॅक्सीवाल्याने वळसा घेतला, तर हितेंद्र अक्षदावर उखडले. हॉस्पिटलच्या वॉचमनने दुसऱ्या गेटने जायला सांगितलं, तेव्हाही तिच्यावरच. आत पूर्वीने त्यांना झोपवलं, छातीला वायरी लावल्या, मानेला जेल फासलं.

"ए, बर्फ आहे काय हा!"

"बोलू नका जिजू, नीट दिसत नाही."

"मी कुठे बोलतोय? अक्षदा, गार असतं हे आधी सांगता नाही आलं तुला?"

अक्षदाने पर्सचा पट्टा पिळला.

"ही बघा तुमची नस." मोठ्या रक्तवाहिनीला खेटून एक बारीक काळपट ठिपका दिसत होता.

"एवढीशी?" हितेंद्र खवळले. "मशीन बदल!"

पूर्वी मात्र ठोक्यांचा आलेख बघून चकित झाली होती. "जिजू, तुम्ही ओरडलात की ठोके वाढतात, पण गप्प झालात की लगेच खाली. झकास आहे तुमचं!"

हितेंद्र ताडकन उठून बसले. "ऐकलंस? झकास! आता हिचं बघ गं."

अक्षदाला शेजारच्या खाटेवर, दुसऱ्या मशीनवर घेतलं. ठोके एकशे अठरा. पूर्वीने दिवे मंद केले, खोल श्वास घ्यायला लावले. तरी एकशे अठराच.

"ताई, घाबरलीस का?"

"नाही."

हितेंद्र खदाखदा हसले. "चिडकं कोण निघालं बघ! थांब, सगळ्या बिल्डिंगला सांगतो."

"गप्प बस!"

हितेंद्रांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तूच! तुलाच सांगतेय! टॅक्सीत ओरडलास, गेटवर ओरडलास, जेल गार तरी मीच! मी काय फ्रीज आहे? माझ्या आईसमोर म्हणालास, हिला अक्कल नाही. दिवाळी होती त्या दिवशी! मी हसून करंज्या वाढल्या तुला! तुझ्या डोक्यात घालायला हवं होतं ते ताट!"

दाराशी नर्स जमल्या. अक्षदा थांबली नाही. घसा बसेपर्यंत बोलली, मग उशीवर डोकं टेकून डोळे मिटले. मशीनचा आवाज संथ होत गेला. शहात्तर.

"ताई," पूर्वी कुजबुजली, "कसलं सुंदर आलंय गं हे!"

तेवढ्यात शेजारचं मशीन किंचाळायला लागलं. हितेंद्रांच्या वायरी काढायच्या राहिल्याच होत्या. एकशे चोवीस, आणि खाली यायचं नाव नाही.

"जिजू, आडवे व्हा! श्वास घ्या!"

हितेंद्र आडवे झाले. दोन-तीन लांब श्वास घेतले. मग हलकेच मान वळवली.

"अहो," ते बायकोला म्हणाले, "तुम्ही चहा घेणार का?"